शंभर म्हणजे किती?

माप निराळे आणि मोजलेली वस्तू निराळी, हे सांगण्यास कोणा पंडिताची गरज नाही. शेरभर तांदूळ म्हटले म्हणजे शेर वेगळा व तांदूळ वेगळे, हे बाजारास जाणाऱ्या पोरासही कळते. इतकेच नव्हे, तर शेर कोणत्या पेठेचा हेही तो विचारून घेई. कारण आमच्या देशात एके काळी गावोगावचे शेर निरनिराळे होते, आणि एका गावचा शेर दुसऱ्या गावी गृहीत धरून सौदा करणारा हटकून फसत असे. तांदळाच्या बाबतीत इतकी सावध असणारी माणसे आपल्या मुलाच्या विद्येचे माप हाती पडताच सारी सावधगिरी कशी गमावून बसतात, हे मोठे कोडे आहे. शाळेतून एक कागद येतो. त्यावर एक आकडा असतो. आणि घरातील चांगली शहाणीसुरती, पदवीधर मंडळी तो आकडा कोणत्या मापाचा आहे याची चौकशी न करिता पेढे तरी वाटतात, नाही तर सुतक तरी धरतात.

ज्या आकड्याविषयी आम्ही येथे लिहिणार आहो तो इंग्लंडातील आहे. तेथील सरकारी प्राथमिक शाळांतील मुले शेवटच्या, म्हणजे सहाव्या वर्षाच्या अखेरीस, दहा-अकरा वर्षांच्या वयात राष्ट्रीय परीक्षा देतात. ही परीक्षा मे महिन्यात चार दिवस चालते व तिचा निकाल जुलैत लागतो. बोलण्यात तिला ‘सॅट्स’ म्हणतात. परक्या देशातील पोरांच्या परीक्षेशी मराठी वाचकांस काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी करील. पण त्याचे उत्तर आज अनेक मराठी घरांत आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ साली स्थापन झाले, तेव्हा तेथे जाणारा मराठी मनुष्य बहुधा शिकण्यास जाई व शिकून परत येई. आता तेथे कुटुंबेच्या कुटुंबे नांदत आहेत. हॅरो, स्लाऊ, रेडिंग ही नावे पुण्या-मुंबईच्या बैठकीत ठाण्या-डोंबिवलीइतक्या सहजपणे उच्चारली जातात. आणि जुलै महिना आला म्हणजे तिकडच्या निकालाचे आकडे समुद्र ओलांडून इकडच्या आजी-आजोबांच्या कानी येतात.

समजा, त्या आकड्यांत वाचनाचा आकडा ९८ आहे. पुण्यातील आजोबा तो ऐकून हर्षभरित होतात. शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव म्हणजे नातू कुळाचे नाव काढणार, याविषयी त्यांस शंका राहत नाही. त्याच वेळी स्लाऊतील आई डोळे पुसत असते. कारण तिला कोणी सांगितलेले असते की शंभराच्या खाली म्हणजे नापास. आता दुसऱ्या घरी तो आकडा १०४ आहे असे समजा. तेथील आजोबा बुचकळ्यात पडतात, शंभरांपैकी एकशेचार गुण देणारी ही कसली परीक्षा म्हणून. आणि तेथील बाप मुलगा ‘सरासरीपेक्षा वर’ आहे असे समजून निश्चिंत होतो. या चौघांपैकी एकाचेही समजणे बरोबर नाही. चौघेही सुशिक्षित आहेत. मग दोष कोणाचा? आमचे म्हणणे असे की, तो अर्धा आकडा पाठविणाऱ्याचा आणि अर्धा तो वाचणाऱ्याचा आहे. आणि या दोघांच्या दोषाचा दंड मात्र ज्याने काही केले नाही त्या मुलास भरावा लागतो.

हा आकडा कसा तयार होतो ते प्रथम सांगितले पाहिजे. वाचनाची एक प्रश्नपत्रिका ५० गुणांची असते. व्याकरण, विरामचिन्हे व शब्दलेखन यांच्या दोन मिळून ७० गुणांच्या. आणि गणिताच्या तीन मिळून ११० गुणांच्या. लेखनाचा निर्णय वर्गशिक्षकाकडे सोपविलेला आहे. मुलाने उत्तरे लिहून प्रत्यक्ष मिळविलेल्या गुणांस आपण मूळ गुण म्हणू. हे मूळ गुण एका कोष्टकावरून ८० ते १२० या पट्टीवरील अंकात पालटण्यात येतात. या पालटलेल्या अंकास तिकडे ‘स्केल्ड स्कोअर’ म्हणतात. आपण त्यास रूपांतरित गुण म्हणू. या पट्टीवरील १०० हा अंक पूर्ण गुणांचा नव्हे, आणि सरासरीचाही नव्हे. सरकारने जो ‘अपेक्षित दर्जा’ म्हणून ठरविला आहे त्याची ती खूण आहे, इतकेच. १०० किंवा अधिक अंक मिळाला म्हणजे मूल त्या दर्जास पोचले. ९९ मिळाला म्हणजे पोचले नाही. ही पद्धत २०१६ साली सुरू झाली. तत्पूर्वी ‘लेव्हल’ म्हणजे पायऱ्यांची पद्धत होती, व प्राथमिक शाळा सोडताना मुलाने चौथी पायरी गाठलेली असावी अशी अपेक्षा असे.

रूपांतराचा मूळ हेतू वाईट नाही, हे प्रतिपक्षास न्याय देण्यासाठी कबूल केले पाहिजे. प्रश्नपत्रिका दरवर्षी नवी असते. एखाद्या वर्षी ती सोपी निघते, एखाद्या वर्षी अवघड. केवळ मूळ गुण पाहिले तर अवघड वर्षाच्या मुलांवर अन्याय होईल. म्हणून २०१६ साली शिक्षकांच्या मंडळांनी दर्जाच्या अगदी काठावर असलेल्या मुलास कोणते प्रश्न सोडविता यावेत याचा विचार करून एक रेषा ठरविली. आणि पुढे दरवर्षी, नव्या प्रश्नांची आधी चाचणी घेऊन, ती जुनी रेषा नव्या प्रश्नपत्रिकेत किती गुणांवर येते हे गणिताने काढण्यात येते. ही रेषा किती सरकते पाहा. वाचनात १०० हा अंक मिळण्यास २०१६ साली ५० पैकी २१ मूळ गुण पुरले; २०१७ साली २६ लागले; २०१८ व २०१९ साली २८. पुढची दोन वर्षे साथीमुळे परीक्षाच झाल्या नाहीत. २०२२ साली २९ गुण लागले. आणि २०२३ साली प्रश्नपत्रिका इतकी कठीण निघाली की, मुले परीक्षागृहात रडल्याच्या वार्ता वृत्तपत्रांत आल्या व रेषा २४ वर उतरली. म्हणजे ५० पैकी २६ गुण मिळविणारे मूल २०२२ साली दर्जाच्या खाली राहिले असते आणि २०२३ साली त्याच गुणांनी वर गेले असते. गणितात तर २०२४ साली ११० पैकी ५४ गुणांस, म्हणजे निम्म्याहूनही कमी गुणांस, १०० हा अंक मिळाला. ज्यांच्या मनात ‘शंभर’ हा शब्द ‘पैकीच्या पैकी’ याच अर्थाने रुजलेला आहे, त्यांनी हे एक उदाहरण ध्यानात ठेवले तरी पुरे.

पण गोंधळ येथेच संपत नाही. या शंभराला एक जुळा भाऊ आहे. नाव तेच, चेहरा तोच, स्वभाव मात्र अगदी भिन्न. इंग्लंडात अजून १६० च्या वर सरकारी ग्रामर स्कुले आहेत, आणि त्यांत प्रवेश मिळावा म्हणून मुले सहाव्या वर्षाच्या आरंभीच एक निराळी परीक्षा देतात. तिला ‘इलेव्हन प्लस’ म्हणतात. तिचा निकाल प्रमाणित गुणांत येतो. शिवाय दुय्यम शाळेत पाऊल टाकल्यावर अनेक शाळा मुलांची तर्कशक्ती पाहणारी आणखी एक चाचणी घेतात. तिचाही निकाल प्रमाणित गुणांत. या दुसऱ्या पट्टीवर १०० म्हणजे त्या वयाच्या मुलांची सरासरी. निम्मी मुले त्याच्या खाली व निम्मी वर असावयाची, हे त्या पट्टीच्या घडणीतच आहे. तिचे प्रमाण विचलन बहुधा १५ धरलेले असते; म्हणजे दर शंभर मुलांपैकी सुमारे ६८ मुले ८५ व ११५ यांच्या दरम्यान पडतात, आणि ११५ मिळविणाऱ्याच्या वर सोळाच्या आसपास राहतात. आता पहिल्या पट्टीकडे वळा. २०२३ साली वाचनाच्या राष्ट्रीय परीक्षेत शंभरांपैकी ७३ मुलांनी १०० चा अंक गाठला, आणि सर्व मुलांची सरासरी १०५ होती. म्हणजे एका शंभराच्या खाली पाव-एक मुले, तर दुसऱ्याच्या खाली अर्धी. एकाच मुलाच्या हाती एका सप्टेंबरापासून पुढच्या हिवाळ्यापर्यंत हे दोन्ही प्रकारचे आकडे येतात. आणि घरातील मंडळी त्यांची एकमेकांतून वजाबाकी करून ‘पोर वर्षात सात गुणांनी घसरले’ असा हिशेब मांडतात! मिरजेच्या शेरातून मालवणचा शेर वजा करून उरलेल्या तांदळाचा भात शिजवावा, तशातली ही गत आहे.

याहून सूक्ष्म, पण अधिक अन्यायाचा भेद वयाचा आहे. इंग्लंडात शाळेचे वर्ष १ सप्टेंबरला सुरू होते. त्या दिवशी जन्मलेली मुलगी आणि पुढच्या ३१ ऑगस्टला जन्मलेला मुलगा हे एकाच वर्गात बसतात व एकाच दिवशी परीक्षा देतात, पण त्यांच्या वयात जवळजवळ एक वर्षाचे अंतर असते. दहा-अकरा वर्षांच्या आयुष्यात एक वर्ष म्हणजे सुमारे दहावा हिस्सा. प्रवेशपरीक्षेच्या प्रमाणित गुणांत या अंतराची भरपाई केलेली असते. प्रत्येक मुलाची तुलना त्याच्या वयाच्या मुलांशी होते. सॅट्सच्या रूपांतरित गुणांत अशी कोणतीही भरपाई नाही. ऑगस्टात जन्मलेल्या मुलाचा ९८ आणि सप्टेंबरात जन्मलेल्या मुलीचा ९८ कागदावर एकच दिसतात. पण त्यांचा अर्थ एक नाही. हे किती आईबापांस माहीत असते? माहीत नसते, कारण कागदावर तसे कोणी लिहीत नाही.

प्रमाणित गुणांचा इतिहासही मोठा उद्बोधक आहे. १९२१ साली गॉडफ्रे टॉमसन या शिक्षणशास्त्रज्ञाने नॉर्थंबरलंड परगण्यासाठी बुद्धीच्या चाचण्या तयार केल्या. त्या परगण्यातील दूरदूरच्या खेड्यांतील काही शाळांतून दुय्यम शिक्षणाच्या शिष्यवृत्तीस मुलेच येत नसत. तेथील हुशार पण दरिद्री मुले हुडकून काढावीत, हा त्याचा उद्देश होता. पुढे एडिंबरोस गेल्यावर त्याने मोरे हाउस येथून अशा चाचण्यांची परंपराच चालविली. १९४४ च्या शिक्षणकायद्यानंतर याच प्रकारच्या चाचण्यांवर मुलांची ग्रामर स्कुले व इतर शाळा अशी वाटणी होऊ लागली. गरिबाच्या मुलासाठी दार उघडावे म्हणून घडविलेल्या किल्लीची पुढे दाराला लावावयाची कडी झाली. आज बकिंगहॅमशरमध्ये ग्रामर स्कुलास पात्र ठरण्यास १२१ हा अंक लागतो, तर शेजारच्या स्लाऊमध्ये १११. दोहोंच्या परीक्षा निराळ्या, व्यवस्था निराळी. तरी दोन घरांच्या अंगणांतून आकड्यांची तुलना चाललेली असतेच. आकडा कशासाठी घडविला गेला हे विसरले म्हणजे तो कोणाच्याही हाती कोणतेही हत्यार होऊ शकतो.

सॅट्सच्या आकड्याचे तरी याहून निराळे काय झाले? ही परीक्षा मुख्यतः शाळांचा हिशेब घेण्यासाठी आहे. लॉर्ड ब्यू यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ साली या परीक्षांचा विचार केला, तेव्हाही चर्चेच्या मध्यभागी हा हिशेबच होता. करदात्यांच्या पैशांवर चालणारी शाळा काय शिकविते हे सरकारने व लोकांनी पाहावे, यात गैर काही नाही. शे-दोनशे मुलांचे आकडे एकत्र केले म्हणजे एकट्या-दुकट्याची चूक, त्या दिवशीचा ताप, आदल्या रात्रीची अपुरी झोप हे सारे बऱ्याच अंशी एकमेकांत जिरून जाते, आणि शाळेविषयी काही बोलता येते. पण हाच आकडा एकट्या मुलाच्या गळ्यात बांधला म्हणजे ती सारी चूक, तो ताप व ती झोप त्या एका आकड्यातच राहते. प्रत्येक मापनात चूक असते. काठावरच्या मुलाने पुढच्या आठवड्यात तशीच दुसरी परीक्षा दिली तर ९९ चे १०१ किंवा १०१ चे ९८ सहज होतील. प्रामाणिक चाचणीकार आपल्या आकड्याबरोबर चुकीची मर्यादाही छापतात. सरकार ती तांत्रिक अहवालांत ठेवते, आणि आईबापांस मात्र ‘पोचला’ किंवा ‘पोचला नाही’ असा निकाल देते. जणू न्यायाधीशच बोलला!

निकालाच्या अशा भाषेने काय अनर्थ होतो, याचे उदाहरण २०१६ सालीच घडले. २०१५ साली जुन्या पद्धतीने शंभरांपैकी ८० मुले वाचन, लेखन व गणित या तिन्ही विषयांत अपेक्षेस उतरली होती. २०१६ साली नव्या पद्धतीने फक्त ५३ उतरली. एका वर्षात इंग्लंडातील पाव भाग मुलांची बुद्धी गेली काय? मुले तीच होती, शिक्षक तेच होते. अभ्यासक्रम बदलला होता, माप बदलले होते आणि रेषा वर नेली होती. सरकारनेही दोन वर्षांची तुलना करू नये असे बजावले. परंतु ज्या मुलाला एका विषयात ९९ व बाकीच्यांत उत्तम गुण मिळाले, त्याचीही गणना उरलेल्या ४७ मध्येच झाली. आणि त्याच्या घरी तो ‘निम्म्या देशाबरोबर नापास’ ठरला. इतिहासात हे प्रथमच घडले असेही नाही. १८६२ साली रॉबर्ट लो याच्या पुढाकाराने शाळांचे अनुदान मुलांच्या वाचन, लेखन व अंकगणिताच्या परीक्षेवर अवलंबून ठेवण्याचा नियम झाला, तेव्हा स्वतः सरकारी शाळातपासनीस असलेल्या मॅथ्यू आर्नल्ड या कवीने आपल्या अहवालांतून तक्रार केली होती की, त्यामुळे अध्यापन यांत्रिक होते. सरकारास तो नियम मोडीत काढण्यास तीस वर्षे लागली.

सरकारचा दोष सांगितला. आता आपला सांगितला पाहिजे, आणि तो सांगताना आम्ही शब्द मऊ करणार नाही. आमच्या मध्यम वर्गाचे आकड्यावर जे प्रेम आहे त्याला भक्ती हेच नाव योग्य. ज्यांचे स्वतःचे बालपण चौथी-सातवीच्या शिष्यवृत्तीपरीक्षांत व गुणवत्तायाद्यांत गेले, ते परदेशी गेल्यावरही गुणपत्रिकेकडे देव्हाऱ्याकडे पाहावे तसे पाहतात. त्या भक्तीने आमच्या पिढ्या शिकल्या हे खरे. दारिद्र्यातून वर येण्यास दुसरा जिना नव्हता हेही खरे. पण भक्तीत आणि समजुतीत फरक आहे. देवापुढे हात जोडणारा त्याला ‘तू कोण’ असे विचारीत नाही. आकड्याला मात्र तोच प्रश्न प्रथम विचारावयाचा असतो. आठव्या वर्षापासून शिकवणी, शनिवारी शिकवणी, सुटीत शिकवणी. आणि हे सारे कशासाठी, तर ज्याचा अर्थ घरात कोणासही नीट सांगता येत नाही अशा एका अंकासाठी. शिकवणीवाल्यास तो अर्थ माहीत असतो. पण आईबापांचे अज्ञान हेच ज्याचे भांडवल, तो ते आपल्या हाताने कशास कमी करील?

याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. वाचनाचा आकडा कमी आला म्हणजे पुष्कळ घरांत पहिली कुऱ्हाड मराठीवर पडते. ‘दोन भाषांमुळे पोर गोंधळते, आता घरात इंग्रजीच बोलू या’ असा ठराव जेवणाच्या टेबलावर होतो, आणि आजीशी बोलणारे मूल हळूहळू आजीपुढे मुके होते. या ठरावास त्या आकड्यात काय आधार आहे? तो आकडा फार तर इतके सांगतो की, मे महिन्यातील एका सकाळी, एका तासात, इंग्रजी उताऱ्यांवरील पन्नास गुणांच्या प्रश्नांस या मुलाने काही ठरीव रेषेपेक्षा थोडी कमी उत्तरे बरोबर दिली. कोणत्या प्रकारची उत्तरे चुकली, शब्द अडले की वेळ पुरला नाही, हे त्यात नाही. घरी कोणती भाषा बोलावी हे तर मुळीच नाही. उलट याच राष्ट्रीय परीक्षांच्या निकालांत भारतीय वंशाच्या मुलांचा गट देशाच्या सरासरीहून बराच वर असतो, आणि त्यांपैकी अनेकांच्या घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा नांदत असते. ज्या आकड्याने काही सांगितलेच नाही, त्याच्या नावाने एका मुलाकडून त्याची भाषा काढून घेणे हा न वाचलेल्या कागदावर सही करण्यासारखाच अविचार होय. आणि ही सही पुढे खोडता येत नाही.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला असा की, इतका त्रास असेल तर परीक्षाच बंद करा. ३ मे २०१६ रोजी इंग्लंडातील काही पालकांनी लहान मुलांच्या परीक्षांच्या निषेधार्थ मुलांस एक दिवस शाळेत पाठविले नव्हते. त्यांची कळकळ आम्हांस मान्य आहे, उपाय मान्य नाही. माप मोडले म्हणून वस्तू वाढत नाही. परीक्षा गेल्या तर श्रीमंताचे मूल शिकवणीने शिकेल. आणि गरिबाच्या मुलास शाळा काय शिकवीत नाही हे मात्र कोणास कळणार नाही. दुसरा आक्षेप सरकारी अधिकाऱ्यांचा: पालकांस संख्याशास्त्र कळत नाही, म्हणून त्यांस एकच सोपा आकडा द्यावा. पण जो आकडा निम्म्या घरांत उलटा वाचला जातो तो सोपा कसा? जे आईबाप घरकर्जाचे व्याज समजून घेतात, त्यांस पाच ओळींचा खुलासा कळणार नाही हे म्हणणे आम्हांस उद्धटपणाचे वाटते. तिसरा आक्षेप आपल्याच लोकांचा: ‘जग स्पर्धेचे आहे, आकड्याला किंमत आहे ती आहेच.’ असेल. व्यापारही स्पर्धेचाच आहे. पण तराजू न वाचता व्यापार करणाऱ्याचे त्या स्पर्धेत दिवाळे वाजते. शिवाय सॅट्सच्या आकड्यावर कोणतेही ग्रामर स्कूल मिळत नाही. त्या शाळांची निवड निकालाच्या कितीतरी आधी झालेली असते. दुय्यम शाळा त्याचा उपयोग फार तर वर्गातील गट पाडण्यास व पुढील अपेक्षा ठरविण्यास करिते. आणि त्या अपेक्षा चुकीच्या असल्यास त्या बदलून घेण्यासाठीही आकड्याचा अर्थ आईबापांस कळला पाहिजे.

म्हणून आमची मागणी दोघांकडे आहे. सरकारकडे अशी की, मुलाच्या घरी जाणाऱ्या त्याच कागदावर पाच गोष्टी छापल्या जाव्यात: मुलाचे मूळ गुण, त्या वर्षी रेषा किती गुणांवर होती, त्या विषयातील राष्ट्रीय सरासरी, आकड्यातील संभाव्य चुकीची मर्यादा, आणि या अंकात वयाची भरपाई केलेली नाही असे स्पष्ट शब्दांत एक वाक्य. ही माहिती गुप्त नाही. रूपांतराची कोष्टके दर जुलैत प्रसिद्ध होतात, सरासऱ्याही होतात. ती शोधण्याचे काम ज्याला सवड, भाषा व धीर आहे अशा पालकावर टाकणे, म्हणजे ज्याला या तिन्हींची वाण आहे त्याच्या मुलास दुसऱ्यांदा शिक्षा करणे होय.

आईबापांकडे आमचे मागणे याहून लहान आहे. आकडा हाती आला की मुलास हाक मारण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. हा आकडा रूपांतरित आहे की प्रमाणित? या पट्टीवर शंभर म्हणजे रेषा की सरासरी? माझे मूल वर्गात वयाने थोरले की धाकटे? आणि या आकड्याच्या आजूबाजूचे दोन-तीन अंक चुकीच्या मर्यादेत येतात की नाही? या चारांची उत्तरे मिळाल्यावर पाचवा प्रश्न शिक्षकास विचारावा, आणि तोच खरा उपयोगाचा आहे: माझ्या मुलाला नेमके काय येत नाही? त्या प्रश्नाचे उत्तर आकड्यात कधीही नसते. ते उत्तरपत्रिकेत, वहीत व वर्गात असते. अपूर्णांकाची बेरीज अडते आहे, उतारा घाईने वाचला जातो आहे, शब्दांचा साठा कमी आहे, अशी उत्तरे आली तर त्यांवर इलाज करिता येतो. ‘९८’ यावर इलाज करिता येत नाही. त्यावर फक्त रागावता येते.

मुलाला ‘नापास’ हा शब्द मात्र कोणीही उच्चारून दाखवू नये. या परीक्षेत पास-नापास नाही. सरकारी भाषेतही हे शब्द नाहीत. ते आपण आपल्या घरात आणून ठेवले आहेत. अकरा वर्षांच्या मुलाला रूपांतर, सरासरी, प्रमाण विचलन यांतले काही कळत नाही. त्याला आईचा चेहरा मात्र अचूक वाचता येतो. आकडा चुकीचा वाचला तर त्याची दुरुस्ती पुढे होऊ शकते. पण त्या चेहऱ्यावर मुलाने जे वाचले, ते ते वर्षानुवर्षे खरे मानून चालते.